पाव फेरा

अपघात दोन हजार तेवीसचा, साहेब. बावीस नव्हे. नोव्हेंबर महिना, दिवाळी होऊन गेलेली, गल्लीतले कंदील अजून उतरवले नव्हते, आणि सकाळी स्वेटर घालावा की नको अशी थंडी. बावीस कोणी सांगितलं तुम्हाला? — असो. लोक सांगतात. स्कूटीवर मागे मी बसलो होतो, मला कोणी सांगायची गरज नाही. तेवीस म्हणजे तेवीस. आणि नुसता पाय मोडला एवढंच कळलं होतं तुम्हाला? बरं. बसा ना, उभे का? सुरुची यायला अवकाश आहे. पूर्वेला दातांच्या डॉक्टरकडे काऊंटरवर बसते, या सोमवारपासून परत लागली कामाला. स्टेशनचा पूल चढून जाते, पूल उतरून येते. रिक्षा कर म्हटलं तर ऐकत नाही. — हो, फोन मीच केला. मीच शिवराम, राजरत्नचा बाप. लग्नाला तुम्ही आला नाहीत, तोंडओळख नाही, म्हणून सांगतो. तुमचा नंबर तिच्याच मोबाईलमधून काढला. ‘बाबा’ असं होतं. तेवढं वाचता येतं मला, चौथी झालोय. चार वर्षं तुम्ही तिच्याशी बोलला नाहीत आणि तिने ते नाव काही पुसलं नव्हतं. तुम्ही येणार हे तिला माहीत नाही.

चहा घ्या. साखर कमी आहे. माझ्या बायकोला, गंगूला, शुगर आहे, म्हणून सगळ्या घरालाच कमी. — घेतलात? बरं. मग मी हरलो. मी गंगूला म्हणालो होतो, शशिकांत साहेब आपल्याकडचा चहा घ्यायचे नाहीत. ती म्हणाली, घेतील, मुलगी दिली आहे त्यांनी. मी म्हणालो, दिली कुठे, ती आली. खरं की नाही? सुरुची तुमच्या घरातून एका बॅगेनिशी आली, बुवापाड्यात, माझ्या घरात. मलाही ते आवडलं नव्हतं, लपवत नाही. तुम्हाला आमची जात नको होती, मला तुमची ऐट नको होती. मी म्हणालो, ऑफिसराची पोरगी, पाणी भरायला उठायची नाही. ती उठायची. पण माझ्याशी बोलायची नाही, मी तिच्याशी बोलायचो नाही. काम असलं की गंगूच्या मार्फत. असं चाललं होतं. — गंगू, साहेबांना अजून थोडा दे. घेतायत.

राजरत्न? राजरत्न चाकणला असतो. ड्युटी तिकडे आहे. येतो शनिवार-रविवारचा.

तर तो दिवस. पेन्शनवाल्याला दरवर्षी नोव्हेंबरात बँकेत जाऊन दाखवावं लागतं की बाबा, मी अजून जिवंत आहे. हयातीचा दाखला. माझी बँक उल्हासनगरला, कॅम्प एकात. राजरत्न तेव्हा भिवंडीला गोडाऊनवर होता, त्याला सुट्टी नव्हती. ही म्हणाली, मामा, चला, मी सोडते. बाईच्या मागे गाडीवर मी आयुष्यात बसलो नव्हतो. बसलो. आणि बसलो ते गप्प बसलो नाही — हॉर्न दे, डावीकडे घे, ब्रेक दाब. ती समोर बघून गाडी चालवत होती. तेवढ्यात एका बोळातून टेम्पो उलटा आला, जीन्सच्या कापडाचे तागे भरलेला, मागे बघायला माणूस नाही — आणि मला बरगडीत कोपर बसलं. असं जोरात. मला वाटलं, पोरीने राग काढला! खरं सांगतो, हेच वाटलं. मी जाऊन पडलो कडेच्या रेतीच्या ढिगावर. चष्मा फुटला नाही माझा. शिवी द्यायला तोंड उघडून उठलो तर स्कूटी टेम्पोखाली आणि ती स्कूटीखाली. तेव्हा कळलं कोपर कशाला मारलं ते. दोन्ही हातांनी हँडल धरून स्वतःला सावरायचं सोडून तिने मला ढकललं, साहेब. दिवसभर तिच्या कानाशी किरकिर करणाऱ्या म्हाताऱ्याला. त्या वर्षीचा दाखला मी उशिरा दिला. बँकवाला विचारतो, आजोबा, उशीर का?

डाव्या मांडीचं हाड. मोडलं म्हणतात तसं नव्हे, चुरा. एक तुकडा रस्त्यावरच राहिला, थोडं डॉक्टरने काढून टाकलं, खराब झालं होतं. पुढच्या पावसाळ्यापर्यंत हाड जुळलं — पण जेवढं उरलं तेवढंच जुळलं. पाय तीन बोटं आखूड. चपलेला जाड तळ लावून दिला. तो रस्त्यावर ठीक आहे, घरात चप्पल कोण घालतं? ओट्याशी उभी राहिली की एक टाच हवेत. मग गंगूने ओट्याखाली पाट ठेवला, त्या पाटावर एक पाय ठेवून ती भाकऱ्या करायची. आम्हाला गरम वाढायची. न खाऊन कसं चालेल, तिला वाटेल मीठ कमी पडलं. मी खायचो आणि त्या पाटाकडे बघायचो नाही.

मग डॉक्टर म्हणाला, हाड वाढवता येतं. मी म्हणालो, हाड काय भोपळ्याचा वेल आहे, वाढवायला? त्याने समजावलं. बरं झालेलं हाड पुन्हा कापायचं. मांडीच्या बाहेरून एक लोखंडी पट्टी बसवायची, पट्टीतून जाड स्क्रू थेट हाडात. आणि पट्टीचा आटा रोज थोडा थोडा फिरवायचा. हाडाची टोकं केसभर लांब सरकतात आणि मधल्या फटीत अंग आपलं आपण नवं हाड भरतं. घाई केली तर भरत नाही. उशीर केला तर फट मध्येच बुजते, मग पुढे सरकत नाही. म्हणून पाव फेरा. सकाळी पाव, दुपारी पाव, संध्याकाळी पाव, झोपताना पाव. सगळा मिळून दिवसाला एक मिलीमीटर. मी कंपनीत मेंटेनन्सला फिटर होतो, उभा जन्म. शाफ्ट आखूड पडला तर आम्ही दुसरा आणायचो. शाफ्ट वाढला असं मी कधी बघितलं नाही. — पैशाचं विचारू नका. ते झालं.

दवाखान्यात नर्सने पाना कसा लावायचा, बाण कुठे आहे, सगळं दाखवलं आणि म्हणाली, घरी कोण फिरवणार? राजरत्न पुढे झाला. नवराच पुढे होणार. पहिल्या दिवशी त्याने पाना लावला, ती ओरडली, आणि हा खाली बसला. पांढराफटक. गंगूने त्यालाच पाणी दिलं आधी. दुसऱ्या दिवशी त्याला लवकर जायचं होतं. तिसऱ्या दिवशी उशिरा यायचं होतं. गंगूचा हात कापतो. सुरुची स्वतः फिरवायला गेली, पण दुखायला लागलं की हात आपोआप मागे येतो, कोणाचाही येईल. मग घरात उरलं कोण?

तुमच्या मनात आलं तेच. सासरा आणि सुनेची मांडी. साहेब, या घरात मी खाकरल्याशिवाय तिच्या खोलीत कधी शिरलो नाही. खोली कसली, पडद्यापलीकडची जागा — पण खोलीच ती. आमच्यात पद्धत आहे, तुमच्यातही असणार. एक अख्खी दुपार तशीच गेली, फेरा राहिला, कोणी कोणाकडे बघेना. शेवटी गंगूने जुनी चादर काढली, कात्री घेतली आणि मधोमध एक खिडकी कापली, चौकोनी. कडा दुमडून शिवल्यासुद्धा, दोरे लोंबायला नकोत. सगळ्या अंगावर चादर, खिडकीतून दिसणार फक्त लोखंड. म्हणाली, तुम्ही लोखंड बघा. लोखंड बघण्यात तर जन्म गेला माझा. दारात खाकरलो. आत गेलो. पाव फेरा दिला. बाहेर आलो. ती ओठ चावून पडली होती, एक आवाज काढला नाही. सासऱ्यासमोर ओरडायचं नाही, अशी तिचीही पद्धत.

असं किती दिवस चालणार? एका संध्याकाळी आटा जरा अडकला, मी जोर लावला, आणि तिच्या तोंडून निघालं — ‘हळू ना म्हाताऱ्या! हात आहे का हातोडा!’ बाहेर गंगूच्या हातातलं ताट पडलं. मी तसाच पाना धरून. आणि साहेब, मला हसू आलं. कंपनीतून रिटायर झाल्यापासून मला कोणी असं बोललं नव्हतं. कंपनीत बोलायचे, फोरमन बोलायचा. मी म्हणालो, हातोडाच आहे, ऐंशीच्या सालापासून कंपनीत हाच चालला. तीही हसली, रडत होती आणि हसत होती. त्या दिवसापासून तिचं तोंड सुटलं. काय काय म्हणायची मला — सांगण्यासारखं नाही, तुम्ही तिचे वडील आहात. फेरा पुरा झाला की म्हणायची, मामा, माफ करा. मी म्हणायचो, झोपतानाच्या फेऱ्याला परत शिव्या दे.

एकदा आटा कुरकुरायला लागला. मी शिवणयंत्राचं तेल सोडलं, दोन थेंब. कुरकुरलं की तेल, हे काय मला शिकवायला लागतं? चौथ्या दिवशी स्क्रूभोवती लाल, अंगात ताप. डॉक्टर अख्ख्या ओपीडीसमोर माझ्यावर ओरडला, ‘काका, हे मशीन नाही, माणूस आहे!’ मी म्हणालो, आतून माणूस आहे, बाहेरून मशीनच आहे. तो असा चिडला! आणि ही तापाने फणफणलेली, स्ट्रेचरवर पडून त्याला सांगते, डॉक्टर, राहू द्या, आमच्याकडे सर्व्हिसिंग असंच करतात. — हसलात. हसताना तुम्ही तिच्यासारखे दिसता. म्हणजे ती तुमच्यासारखी.

पण हसणं थोडं होतं, साहेब. हाड वाढतं, ते ऐकतं. मांस ऐकत नाही. गुडघा वाकेना. शिरा अशा ताणलेल्या, तारेसारख्या. वर एप्रिलचं ऊन, वर पत्रा. एक दिवस म्हणाली, पुरे. दोन बोटं वाढला, एक बोट राहू दे आखूड. डॉक्टरही म्हणाला, थांबायचं तर थांबू शकता, चपलेत भागेल. मी म्हणालो, नाही. पुरा करायचा. तिने माझ्या हातातला पाना ओढला आणि खिडकीतून भिरकावला, डायरेक्ट मागच्या नाल्यात. मी लेंगा वर केला आणि उतरलो नाल्यात. तो नाला तुम्ही येताना बघितला असेल, नाकाला रुमाल लावला असेल. गुडघ्याएवढ्या त्या घाणीत मी हाताने चाचपतोय आणि वर अख्खी गल्ली उभी. जनाबाई, समोरची, कंबरेवर हात ठेवून विचारते, काय शिवरामभाऊ, सोनं पडलं का? मी म्हणालो, हो. सोनंच. मग हसली नाही ती. बादली आणून दिली तिने.

पाना मिळाला. धुतला, डेटॉलमध्ये ठेवला, अंघोळ केली, आणि तिच्या उशाशी नेऊन ठेवला. म्हणालो, पाय तुझा आहे. थांबवायचं तर थांबव. आता मी आपणहून खाकरणार नाही. आणि बाहेर येऊन बसलो. संध्याकाळचा फेरा गेला. झोपतानाचा गेला. सकाळचा गेला. मी तिथेच, त्या दारात. मला ते हाड दिसत होतं, फट बुजत चाललेली दिसत होती — पण शब्द दिला होता. दुपारी पडद्यामागून खाकरल्याचा आवाज आला. बाईमाणसाचा. जाडा आवाज काढून, हुबेहूब माझ्यासारखा. मी आत गेलो. चादर घेऊन तयार होती. म्हणाली, या फिटर, ओव्हरटाइम बाकी आहे तुमचा.

— तेव्हा राजरत्न कुठे होता? सांगितलं ना, चाकणला. ड्युटी. — येतो ना. शनिवार-रविवार. — हे बघा साहेब, तुम्ही असं बघू नका माझ्याकडे. मला खोटं जमत नाही, म्हणून मी कमी बोलतो. येत नाही. गेल्या पावसाळ्यापासून आलेला नाही. तिकडे बिऱ्हाड केलंय त्याने. एकटा नाही. झालं? कळलं? मारकुटा नाही तो, पीत नाही, लहानपणी कोणाचं कोंबडं कापायचं असलं तरी घरात लपायचा. तिचं ओरडणं ऐकवत नव्हतं त्याला, तर जिथे ऐकू येत नाही तिथे जाऊन राहिला. मला त्याने असंच सांगितलं फोनवर — पप्पा, मला नाही बघवत. मी म्हणालो, मग या घराकडेही बघू नको. गंगू चोरून फोन करते त्याला. करू दे. आई आहे.

तिला? तिला माहीत आहे. मीच सांगितलं. आत जाऊन खाली मान घालून सांगितलं, बाई, तुझा नवरा असा असा. ती म्हणाली, माहीत आहे मामा. तुमच्या आधीपासून माहीत आहे. — आधीपासून, साहेब. म्हणजे आटा फिरत होता तेव्हापासून. माहीत असून ती रोज पाव फेरा सहन करत होती. कोणासाठी? नवऱ्यासाठी नव्हे. मी खूप विचार केला यावर.

आता तुम्हाला का बोलावलं ते. पट्टी निघाली गेल्या दिवाळीनंतर, हाड पक्कं झाल्यावर. मग कुबड्या, मग काठी. परवा डॉक्टरने दोन्ही पाय मोजले, म्हणाला, बरोबरीत. बरोबरीत म्हटल्यावर मी घरी आलो आणि तुमचा नंबर काढला. ज्या घरात नवरा नाही त्या घरात पोरीने कशाच्या नात्याने राहायचं? दोन म्हाताऱ्यांची औषधं द्यायला? त्या कोपराचं देणं होतं माझ्यावर, आणि तिला बांधून ठेवून ते फिटत नाही, वाढतं. तुमच्या घरातून ती दोन धड पायांवर आली होती. आखूड पायाने मी तिला परत पाठवणार नव्हतो. तिला हे एकदा बोललो मी. म्हणालो, जशी आली तशी द्यायची. तर भडकली. म्हणाली, मामा, मी काय भाड्याने आणलेली शिडी आहे? — तर तिला न्या. म्हणजे विचारा. विचारून न्या. ओरडू नका तिच्यावर, आणि ‘मी सांगत होतो’ असं म्हणू नका. चार वर्षांत तुम्ही सांगितलेलं काही नाही. एवढंच मागणं. चष्मा पुसा, पुसा, गंगू आत आहे, बघत नाही.

पडदा? हो, नवा आहे. काल लावला. — जाणाऱ्या माणसाला नवा पडदा कशाला? जुना फाटला होता. — फार नव्हता फाटला. बाजारात दिसला, घेतला. तिला पिवळा आवडतो, आता पिवळा दिसला तर — तुम्ही काय पोलीस आहात काय, उलट विचारायला! ती नाही म्हणाली यायला, तर जागा आहे एवढंच. ओट्याखालचा तो पाटसुद्धा मी फोडून बंबात घातला. गंगू ओरडली, चांगलं सागवान. घातला.

ती काठी तिचीच. कोपऱ्यातली. काठी — थांबा. ही इथे कशी? गंगू! सुरुची काठी नाही घेऊन गेली? — विसरली? विसरली म्हणजे काय! पूल कशी चढली असेल? उतरताना किती ढकलाढकली असते तिथे! तुम्ही बसा, साहेब, मी बघतो. एक मिनिट. माझी चप्पल कुठे गेली — काठी घेऊन जातो, पुलाखाली भेटेल.

कोणीतरी येतंय गल्लीत. ती नाही. तिचं मला कळतं, इथे बसून कळतं — पाऊल, पाऊल, काठी. त्याच्या आधी कुबड्यांचं वेगळं होतं. त्याच्या आधी, पाय आखूड होता तेव्हा, एक जड, एक हलकं. हे दुसरंच कोणीतरी आहे. सरळ चालीचं. एकसारखं. पुढे जाईल जनाबाईकडे.

— थांबलं दारात.

— ऐकलंत? खाकरली.

ये. आत ये, सुरुची. काठी राहू दे, ती काही नाही, मी नुसती हातात धरली आहे. तुझे बाबा आलेत. — व्याही, तुम्ही बोला. मी बाहेर बसतो. नाही, मला काही सांगायचं उरलेलं नाही. माझं देणं फिटलं.